सहा आज्ञांचं यंत्र

कुणी जीव लावून केलेली वस्तू चालवून न बघताच तुम्ही कधी नाकारली आहे का?

आमच्या तंत्रनिकेतनात शेजारी बसणाऱ्या सुषमाने पडद्यावर एक छोटा, नकली संगणक उभा केला होता. त्याला आकडे नि आज्ञा साठवायला सोळा कप्पे होते आणि सहाच आज्ञा कळत: आण, ठेव, मिळव, वजा कर, उडी मार, थांब. चालू आज्ञा दाखवणारा बाण एकेका कप्प्यावरून सरकायचा, तेव्हा तिचेही ओठ हलायचे.

प्रात्यक्षिकं तपासायला आलेल्या परीक्षक सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिचं जर्नल, प्रात्यक्षिकांची वही, उघडलं.

"अगं, हे गेल्या वर्षीच्या जर्नलसारखं का नाही?"

"सर, हे मी केलंय. एकदा चालवून दाखवू?"

"तुझं नको, बरोबर हवं. उद्या नीट उतरवून आण."

तिने जुनं जर्नल उतरवलं, त्यातल्या चुकीसकट. सही मिळाली. मग तिने यंत्र पुसून टाकलं.

"ठेवून काय करू, तूच सांग," ती म्हणाली.

तीन वर्षांत आम्हाला एकच आज्ञा शिकवली गेली: उतरव. ती आम्ही न अडखळता पाळतो, आणि नोकरीतही पाळत राहू.

तुमच्यापुढे कुणी असं यंत्र ठेवलं, तर सहीचं पेन उचलण्याआधी ते एकदा चालवून बघा.