केळीच्या बागेतला माठ

लातूरच्या भाजीबाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून काढलेला आमचा मोर्चा फसला, गट पांगला. तेव्हा मी अर्धापूरला जायचं ठरवलं. तिथल्या रझियाआपा शिवणकाम करतात आणि शेतात राबणाऱ्या बायकांना एकत्र आणतात, असं ऐकलं होतं.

लातूरहून सकाळचीच नांदेड एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूर सोडलं की डोळे मिटू लागतात. लोह्याला गरम भजी खा. नांदेडला गाडी बदलून अर्धापुरात उतरले, तर चहूकडे केळीच केळी. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड अंगावर सांडत होता. तळ्याच्या तळाशी चालल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आपांच्या अंगणात बायका जमल्या. एका बागेत कामाला जाणाऱ्या दलित वस्तीवरच्या बायकांना पाण्याच्या माठाला शिवू देत नसत. ओंजळीत वरून पाणी ओतत.

"तहसीलवर मोर्चा न्या ना," मी म्हटलं.

"नेऊ की," आपा हसल्या. "पर आधी आपली एकी पक्की पायजे. माठाला हात लावायची मुभा ज्यांना हाय, त्या काय करनार?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आपांनी घाई केली नाही. केळीची पानं सळसळत राहिली. मग कौसाबाई, बागेच्या मालकाच्याच भावकीतल्या, हळूच म्हणाल्या, "समद्यांला मिळंस्तवर म्या बी पिनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मीही बागेत गेले. खुरपणी चालू होती. दुपारी वस्तीवरच्या मंगलनं घरून आणलेली घागर मधे ठेवली. एकच पेला सगळ्यांच्या हातांतून फिरला. मालकाची आई बांधावर उभी राहून बघत होती.

"कौसे, तू बी?"

"हाव काकू, म्या बी."

म्हातारी निघून गेली. तिचा मुलगा, म्हणजे मालक, कामाला दुसऱ्या बायका आणायची भाषा करू लागला. कौसाबाईंचं खुरपं थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारी स्वतःच माठापाशी आली. "माझ्या रानातून भावकी तहानलेली गेली, तर गाव काय म्हनंल?" ती पुटपुटली आणि तिनं पेला मंगलपुढं धरला. "घे बाई. तुझ्या हातानं घे."

मंगलनं माठात पेला बुडवला, प्यायली, मग कौसाबाईंसाठी भरला.

"आज दिलं," परतताना आपा म्हणाल्या. "उद्या बी देतात का, ते पाळीपाळीनं बघा. जिंकल्यावरच लई डोळे उघडे ठेवायचे."

लातूरला परतून पुन्हा बैठक बोलावली. ज्यांच्या दुकानामागे स्वतःची सोय आहे, त्या बायका आपल्यासोबत येतील का, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. अखेर बांगड्यांच्या दुकानातल्या सूनबाई म्हणाल्या, "मी येते."

स्वच्छतागृह अजून झालेलं नाही. पण काल महापालिकेच्या पायऱ्यांवर भाजीवाल्या बायकांच्या मधोमध त्याच सूनबाई बसल्या होत्या, आणि आत काय बोलायचं ते आम्हा सगळ्यांना समजावून सांगत होत्या.