फॅमिली वर हाय

मे महिना लागला की जुन्नरमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो. "बाई, सुट्टीत गावाला नाही गेलात?" मी शाळेत शिकवते, सुट्टी असते आणि माझं माहेर घोडेगावच्या पलीकडे आहे, सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. तेव्हा मी गावाला नाही म्हणजे माझं घरात कुणाशीतरी बिनसलं असणार, असा लोकांचा समज होतो. विचारणारे बहुतेक पुरुष असतात. उन्हाळ्यात गावाला जाऊन मजा करायची, ही कल्पनाही त्यांचीच. आंब्याखाली खाट टाकून पडणारे वेगळे आणि त्याच उन्हात अंगणात कुरडया घालणाऱ्या वेगळ्या. मी लहानपणापासून दुसऱ्या बाजूची आहे. चीक घोटून घोटून दंड भरून यायचे, आणि वर दुपारभर कावळे राखत बसायचं. त्या मजेची मला आता हौस नाही.

म्हणून मी सुट्टीत शहरातच राहते. जुन्नरला शहर म्हटलं की पुण्याच्या लोकांना हसू येतं. येऊ द्या. इथं मला पाणी शेंदावं लागत नाही आणि सकाळचा नाष्टा दुसरं कुणीतरी करतं. एवढ्यावर मी कुठल्याही गावाला शहर म्हणायला तयार आहे.

उन्हाळ्यातली खरी गंमत सकाळीच असते. ऊन आधी शिवनेरीच्या कड्यावर पडतं, मग सावकाश पेठेत उतरतं. ते उतरायच्या आत बाहेर पडायचं. कधी पोहे, कधी उपीट, कधी गरम जिलेबी आणि मठ्ठा. पण माझा जीव मिसळीवर. उन्हाळ्यात मिसळ खाऊ नये असं सगळे शहाणे सांगतात. त्यांना मिसळ कळलेली नाही. मिसळीनं कपाळावर घाम फुटतो, त्या घामाला वारा लागतो आणि मग जे गार वाटतं, तसं कुठल्या कूलरसमोर बसून वाटत नाही. अट एवढीच, की वारा हवा.

आणि माझं भांडण आहे ते या वाऱ्यावरूनच.

आमच्या पेठेच्या टोकाला एक हॉटेल आहे. मिसळ उत्तम, त्याबद्दल वाद नाही. हॉटेलसमोर कडुनिंबाचं थोरलं झाड आहे आणि त्याच्या सावलीत बाकडी टाकलेली असतात. भर मे महिन्यातही तिथं पानं हलत असतात. त्या बाकड्यांवर पुरुषमंडळी बसतात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली, टॉवेल खांद्यावर, पेपराचं एकेक पान वाटून घेतलेलं. एका चहावर अर्धी सकाळ निघते. कुणी त्यांना उठा म्हणत नाही.

मी पहिल्यांदा तिथं बसायला गेले तेव्हा मालक गल्ल्यावरून उठून आला. माणूस वाईट नाही, बोलायला गोड आहे. म्हणाला, "ताई, फॅमिली वर हाय."

मी म्हटलं, "मी एकटीच आहे."

"व्हय, पण लेडीज म्हंजी फॅमिलीच की. वर बसा, खास तुमच्यासाठी केलंय."

खास आमच्यासाठी म्हणजे काय, ते मी वर जाऊन पाहिलं. लोखंडी जिना, वर पत्र्याची खोली. झाडाच्या बाजूला भिंत आणि खिडकी भलतीकडेच, शेजारच्या पत्र्यावर उघडणारी. डोक्यावर एक पंखा, तो तापलेली हवा फिरवून फिरवून परत आपल्याच अंगावर टाकतो. तिथं दोन-तीन बायका मुलांना भरवत बसलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं ब्लाउज पाठीला चिकटलेलं. मिसळीचा घाम आला, पण वारा काही आला नाही. मला खाली बसलेल्यांचं हसणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या खेपेला मी मालकाला सरळ विचारलं, की खाली बसलं तर काय बिघडतं? तो म्हणाला, "ताई, मानसं कशीबी बोलत्यात. तुमाला ऐकायला बरं वाटंल का?" म्हणजे तोंड ज्यांचं वाईट, ते सावलीत आणि कान ज्यांचे चांगले, ते पत्र्याखाली. हा न्याय मी आयुष्यभर पाहत आले आहे, पण इतक्या गोड आवाजात कुणी समजावून सांगितला नव्हता.

उन्हापासून जपा, असं बायकांना किती सांगतात. स्कार्फ बांधा, हातमोजे घाला, सनकोट घ्या, हे लोशन लावा, ते लोशन लावा. माझ्या शाळेतल्या तरुण शिक्षिका स्कूटीवरून गेल्या तर नुसते डोळे दिसतात, हाक मारली तरच ओळख पटते. बाई काळी पडू नये याची सगळ्या जगाला चिंता. तिला सावलीत बसू द्यावं, एवढं साधं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. पुरुषांचा सगळा उन्हाळा एका टोपीवर निघतो, कारण त्यांच्याकडे झाड असतं. त्याच झाडाच्या कडेला घाटघरकडच्या बाया करवंदं घेऊन बसतात. करवंदं सुकू नयेत म्हणून पाटी सावलीत सरकवलेली असते आणि त्या स्वतः उन्हात.

या वर्षी आई माझ्याकडे आली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि इथल्या डॉक्टरांकडे तपासायला जायचं होतं. एस.टी.तून उतरली ती नऊवारी लुगडं, डोळ्यांवर दवाखान्याचा मोठा काळा गॉगल आणि कनवटीला कांदा. कांदा जवळ असला की ऊन बाधत नाही, यावर तिचा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास. मी तिच्या हातांना लोशन लावायला गेले तर म्हणाली, "ह्यो काय चिकटपणा. कांदा हाय माझ्याजवळ."

डॉक्टरांनी डोळा पाहिला, बरा आहे म्हणाले. फक्त बजावून सांगितलं, अजून काही दिवस डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, घामसुद्धा नको. बाहेर पडलो तेव्हा ऊन पेठेत पुरतं उतरलं होतं. आईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. काय खाशील विचारलं तर म्हणाली, "तू रोज खाती ती मिसळ."

आम्हाला पाहून मालक अदबीनं उठला. "या आज्जी, दमानं या. फॅमिली वर हाय."

मी तेव्हाच भांडायला हवं होतं. पण आईला भूक लागली होती आणि भांडणाला वेळ लागतो. तिचा हात धरून एकेक पायरी चढवत मी तिला वर नेलं. बसलो, मिसळ आली. दोन घास झाले नाहीत तोच आईच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. गॉगलच्या कडेनं तो आत शिरणार हे मला दिसत होतं. मी पदरानं टिपत राहिले. एक थेंब टिपावा तर दुसरा तयार. आई बिचारी मान मागं टाकून, तोंड वर करून बसली. मिसळ ताटलीत तशीच. मग माझं डोकं फिरलं. मी दोन्ही ताटल्या उचलल्या आणि म्हटलं, "चल खाली."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आई थांबली. समोर झाड होतं, बाकड्यांवर पुरुष होते. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वाकून पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

मला कळायला क्षणही लागला नाही. आमच्या गावात पिंपळाचा पार आहे. तिथं सासरे, दीर, गावातली मोठी माणसं बसलेली असायची. त्यांच्या समोरून जाताना सुनांनी चपला काढून हातात घ्यायच्या. डोक्यावर हंडा असो, भारा असो, चैत्र असो की वैशाख. आई तशी गेली, माझ्या काकू तशा गेल्या. पार ओलांडला की पुन्हा चपला घालायच्या. त्या गोष्टीला किती काळ लोटला, चपला काढायला लावणारे बहुतेक गेलेसुद्धा, आणि इथं एका हॉटेलासमोर अनोळखी माणसं पेपर वाचत बसली होती, तरी तिचा हात आपोआप खाली गेला. मधली फरशी उन्हानं तापलेली. ती तिच्यावरून भराभर पाय उचलत निघाली. तळपाय तिचे भाजत होते, आग माझ्या मस्तकात गेली.

पुरुषांनी तिला पाहिलं आणि सगळे सरकले. "या आज्जी, बसा बसा." एकानं टॉवेलनं बाकडं पुसलं. म्हाताऱ्या बाईला मान द्यायला आमच्याकडे कुणी कमी पडत नाही. आई बसली. मग तोच टॉवेलवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुमी वर बसा निवांत. आज्जीकडं आमी बघतो."

मी दोन्ही ताटल्या बाकड्यावर ठेवल्या आणि आईशेजारी बसले. वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात म्हटलं, "मी इथंच बसणार आहे. कुणाला अडचण होत असेल तर वर जागा आहे. पंखा आहे. खास सोय केलेली आहे."

मालक गल्ल्यावरची बरणी पुसत राहिला. एकानं पेपराची घडी घातली आणि उठून गेला. वर मात्र गेला नाही, घरी गेला.

आई माझ्या कानाशी लागली. "आगं, गडीमानसं बसल्यात."

"दिसतायत मला. तू खा."

चपला अजून तिच्या मांडीवर होत्या. मग तिनं त्या खाली ठेवल्या. कनवट सोडून कांदा काढला, बाकड्यावर ठेवला आणि त्यावर अशी बुक्की घातली, की शेजारच्याचा चहा सांडला. "हितं कुठं ऊन लागतंय," म्हणाली, "खाऊन टाकू." फुटलेला कांदा तिनं मिसळीत कालवला, अर्धा मला दिला आणि मग निवांत जेवल्यासारखी खाल्ली.

खाता खाता वारा आला. निंबाची पानं हलली, आईच्या कपाळावरचा घाम सुकला. तिनं पदर थोडा मागं सारला, गॉगल लावलेलं तोंड वर करून झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतकं गार असतं व्हय गं पारावर?"

डोळ्यांना पाणी आलं, ते मी मिसळीच्या नावावर ढकललं. चिडायचं तरी कुणावर? या मालकावर चिडले होते, तो राग मला एकदम किरकोळ वाटायला लागला. आयुष्यभर ही बाई रोज त्या पाराजवळून गेली. हात लांब केला असता तर सावलीत पोचला असता. आत किती गार असतं हे तिला कधी कुणी सांगितलं नाही, आणि तिथं बसणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्यांच्याशी भांडायची आता सोय राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर आई दारात उभी. केस विंचरलेले, डोळ्यांवर गॉगल, पायात चपला. कनवटीला कांदा नव्हता.

"ऊठ बिगी बिगी," म्हणाली. "पारावर जागा न्हाई उरायची."