द्वारकेजवळचं कॉलेज

मला वाचा-श्रवणशास्त्राची पदवी घ्यायची होती, आणि त्याचं कारण घरातच होतं. माझे वडील नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करायचे. वीस वर्षं त्या दणदणाटात काढल्यावर त्यांना जेमतेम ऐकू यायचं, पण घरात कुणी तसं बोलून दाखवत नसे. आई टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायची, आम्ही प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचो. मी अकरावीत असताना त्यांना मुंबईला तपासायला नेलं. काचेपलीकडे बसून एका बाईंनी शांतपणे त्यांचे कान तपासले. परतीच्या एसटीत मी ठरवून टाकलं, हेच शिकायचं.

बारावीचा निकाल लागला तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या कॉलेजात माझं नाव वेटिंग लिस्टवर चौथं लागलं. त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. हाच कोर्स, नाशकातच, द्वारका चौकाजवळ.

"संध्याकाळी घरी जेवायला येशील," वडील म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला होता.

कॉलेज स्पेअर पार्टच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं. पाटी नव्हती, कापडी बॅनर होता. माहितीपुस्तिकेवर हिरवळ आणि पांढरी इमारत छापलेली. तशी इमारत मी नाशकात कुठे पाहिली नव्हती. तिथले सर अतिशय नम्र. त्यांच्या तोंडून एकदाही 'नाही' आलं नाही. विद्यापीठाची मान्यता? "झालीच समजा." हॉस्पिटलमधला सराव? "त्याचीही व्यवस्था आहे."

मग त्यांनी आम्हाला कान तपासण्याची खोली दाखवली. अशा खोलीत बाहेरचा आवाज शिरता कामा नये, एवढं मला मुंबईला कळलं होतं. भिंतींना सतरंजीसारखं काहीतरी चिकटवलेलं होतं. कोपऱ्यात मशीनचा खोका होता, त्याची टेपसुद्धा काढलेली नव्हती. सरांनी दार लावलं. खालून ट्रकचे हॉर्न येत होते. "सिन्नर, सिन्नर" असं ओरडणारा जीपवाला स्पष्ट ऐकू येत होता.

वडील मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "किती शांत आहे गं इथं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांना कळलं होतं. मला काय ऐकू येतंय तेही, आणि वडिलांना काय ऐकू येत नाही तेही.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले. जिन्यात एक मुलगी उभी होती. ती देवळ्याची होती, आदल्या वर्षी इथे आलेली. तिने आधी वर बघितलं, मग हळूच विचारलं, "ओरिजिनल दिले का?"

"अजून नाही."

"देऊ नको. आमचे वर्षभर आत पडलेत."

मी धावत वर गेले. वडील सही करून खिशाला पेन लावत होते. माझी मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला टेबलाच्या खणात गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी मुंबईहून फोन आला. जागा निघाली होती. तीन दिवसांत मूळ कागद घेऊन हजर राहायचं होतं.

मी लगेच द्वारकेला गेले, मुंबईला जागा मिळाल्याचं सांगून कागद मागितले. क्लार्क म्हणाला, सर बाहेरगावी आहेत. पुढच्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हाही तेच उत्तर. पण सरांच्या चपला केबिनच्या दाराशी होत्या. "तुमचं ॲडमिशन झालंय," क्लार्क वर न बघता म्हणाला. "आता कागद मिळत नसतात."

घरी सांगितलं तर वडिलांना पटेना. "एवढा सभ्य माणूस. तुझाच गैरसमज झाला असेल. खोली तर चांगली होती."

"आण्णा," मी म्हणाले, "त्या खोलीत ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तुम्हाला आले नाहीत."

आई पोळी लाटता लाटता थांबली. जेवण झाल्यावर वडिलांनी स्वतःचं ताट स्वतः धुतलं. तसं ते कधी करत नसत. मला वाटलं, बोलले हे वाईट झालं.

सकाळी ते कामावर गेले नाहीत. आम्ही दोघं कॉलेज उघडायच्या आधीच जाऊन बसलो. हळूहळू बाक भरले, प्रवेशासाठी आलेले पाच-सहा पालक, सोबत मुलं-मुली. वडील उठून क्लार्कसमोर उभे राहिले.

"माझ्या मुलीचे कागद द्या."

क्लार्क काहीतरी पुटपुटला.

"मला ऐकू येत नाही," वडील म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "जरा मोठ्याने बोला."

क्लार्कने आवाज चढवला. वडील म्हणाले, "अजून मोठ्याने." असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो माणूस अक्षरशः ओरडला, "एकदा दिलेले कागद आम्ही परत देत नाही!"

बाकांवरची कुजबुज थांबली. केबिनचं दार उघडलं. सर बाहेर आले, तसेच हसत. पाच मिनिटांत कागद माझ्या हातात होते. जाताना ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मुंबईला जपून राहा, बेटा." खरं तर साधंच वाक्य, पण मी जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत मागे बघितलं नाही.

बाकांवरचे दोघं आमच्या पाठोपाठ उठून खाली आले. बाकीचे बसूनच राहिले. एका बाईंनी पिशवीतून मुलाची फाईल बाहेर काढलेली मी पाहिली. मला त्यांना थांबवता आलं असतं. पण आम्हाला मुंबईची गाडी गाठायची होती.

दीड वर्षाने सुट्टीत आले तेव्हा बॅनर उतरलेला होता. तिसऱ्या मजल्याला कुलूप होतं, आणि दारावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'आमचे दाखले द्या.' त्याखाली आठ-दहा फोन नंबर होते. जिन्यातल्या मुलीच्या गावाचा, देवळ्याचा कोड असलेला नंबर शेवटचा होता. मी तो लिहून घेतला, एसटीडी बूथवरून फिरवला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.