कालिंदीनं नाव ठेवलं नाही

त्या संध्याकाळी कालिंदीनं एकाही पदार्थाला नाव ठेवलं नाही. तिथंच शंका यायला हवी होती.

मंगळवार पेठेत तिची खानावळ. नवरा गेल्यापासून एकटीनं चालवलेली. लोकांच्या लग्नातही "मसाला करपलाय की ह्यांचा" हे ती आचाऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची. म्हणूनच क्रांती मुख्याध्यापिका झाल्याच्या आनंदात तिघी मैत्रिणी ताराबाई पार्कातल्या महागड्या हॉटेलात निघाल्या, तेव्हा शेजारच्या शालूबाईनं तिला गाडीतच दम भरला, "आज गप जेवायचं. आमची लाज काढू नकोस."

वरच्या मजल्यावर काचेलगतचं टेबल मिळालं. सूप आलं.

"कसं हाय?" क्रांतीनं विचारलं.

"बरं हाय."

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. "बाई सुधारली गं!"

कालिंदीची डावी जिवणी मात्र दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यासारखी जड झाली होती. एसीनं असेल, तिला वाटलं. मांडीवरचा हात आपलाच आहे की शेजारणीचा, हेही क्षणभर कळेना. सांगावं का? पण क्रांती एवढी खुशीत होती. तिनं चमचा पुन्हा सुपात बुडवला.

मटणाचं ताट आलं. कालिंदीनं उजवीकडचं तेवढं संपवलं.

"रस्सा का ठेवलास?"

"कुठला रस्सा?"

"अगं, डावीकडं वाटी हाय की! आंधळी झालीस व्हय?" शालूबाई इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. कालिंदीही हसली, पण अर्ध्याच तोंडानं.

शेवटी हात धुवायला लिंबू घातलेलं गरम पाणी आलं. कालिंदीचा हात भांड्यावर आपटला, पाणी तिच्या मांडीवर सांडलं. ती हललीसुद्धा नाही.

"भाजलं न्हाय का गं?"

कालिंदीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द आला नाही, नुसती लाळ ओघळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "हे नक्की कधी सुरू झालं? मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध वेळेतच द्यावं लागतं."

"रश्श्याच्या वेळी," शालूबाई म्हणाली.

"न्हाय, सुपालाच ती गप्प होती," क्रांती म्हणाली.

शालूबाईचा चेहरा उतरला. "गाडीत बसताना तिचा पाय अडखळलेला. मला वाटलं, साडीत गुतला."

डॉक्टर घड्याळ बघून आत गेले.

कालिंदी वाचली. बोलणं हळूहळू परत आलं, डावा हात आला नाही. खानावळ आता तिची भाची अनुजा बघते. शालूबाई रोज दुपारी येऊन बसते. गप्पा मारता मारता तिची नजर कालिंदीच्या ओठांवर खिळते.

"काय बघतीस गं माझ्या तोंडाकडं?" कालिंदी खेकसते.

"काय न्हाय," शालूबाई म्हणते. मग जरा थांबून, हळूच, "परत एकदा हस बघू."