कोपरकाकांचं पाणी

कोपरकाका पाण्याची परीक्षा हाताने करत नसत. शर्टाची बाही वर सारून ते उजवं कोपर बादलीत बुडवत आणि डोळे मिटून उभे राहत, जणू पाणी त्यांच्या कानात काही सांगतंय. "तळहात निर्ढावलेले असतात, कदम," ते मला म्हणत, "कोपराला अजून लाज आहे." बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला हा माणूस ही विद्या बायकोकडून शिकला होता. मुलं लहान असताना काकू त्यांच्या आंघोळीचं पाणी असंच बघत.

मी सिंगापुरात शिपयार्डात पाइप जोडायला आलो आणि भांडत, घासाघीस करत स्वतःचं प्लंबिंगचं लायसन्स, स्वतःची व्हॅन आणि पाया लेबारजवळ छोटा गाळा एवढ्यापर्यंत पोचलो. काकांचा पहिला फोन आला तेव्हा ते यिशुनला मुलाच्या दुमजली घरात राहत होते. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत होतं, पण डाव्या अंगाला गरम-गार काही कळत नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की खाली गार पाण्याचा जोर कमी होई आणि शॉवरमधून कढत पाणी येई. एकदा तसं झालं आणि काकूंच्या डाव्या दंडावर फोड आले. "ती मला विचारत होती, आज भाजी कुठली करायची," काका म्हणाले. "भाजत होतं तेव्हा भाजीचं विचारत होती हो."

मी खालच्या बाथरूमची लाइन वेगळी केली. हीटरजवळ पंप बसवला, वरच्या आणि खालच्या मजल्याला वेगवेगळे व्हॉल्व्ह दिले आणि खाली गरम-गार मिसळून ठरलेल्या तापमानालाच पाणी सोडणारा एक जास्तीचा व्हॉल्व्ह लावला. मी पैशांवरून घासाघीस होणार म्हणून कंबर कसून आलो होतो. हा माणूस पैशांबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो अंशांवर भांडला.

"चाळीसवर लावतो."

"अडतीस."

"काका, अहो गार वाटेल. एकोणचाळीस करू."

"गार वाटलं तर ती मला शिव्या देईल. ते चालेल. अडतीस."

आयुष्यात मी फार कमी सौदे हरलो. त्यातला हा एक.

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. "कदम, पंप आज वेगळं गुणगुणतोय." मी पार दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला कुणाच्या सिंकखाली आडवा असायचो, तिथून उठून यिशुनला जायचो. पंप ठणठणीत असायचा. मी तडकून बोलायचो, काका शांतपणे कोपर बुडवायचे, आणि काकू आतून ओरडायच्या, "त्याला आधी चहा द्या, मग भांडा!"

याच काकांबद्दल माझ्या मनात एक अढी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते सगळ्यांना सगळ्यांची ओळख करून देत. हा उत्तम दातांचा डॉक्टर, ह्या पुरणपोळीची ऑर्डर घेतात, हा मुलांना गणित शिकवतो. माझ्यापाशी आले की म्हणत, "हे कदम. इथंच असतात." बस्स. मराठी घरांत शिरायला मी धडपडत होतो, आणि ज्याच्या एका शब्दावर दारं उघडली असती तो माणूस माझा धंदा कुठला हेसुद्धा सांगत नव्हता.

मग एका सकाळी काकांचा फोन आला. "पाणी कढत येतंय. तिला चटका बसला."

व्हॅन चालवताना मला दंडावरचे फोडच दिसत होते. माझ्या हातचा व्हॉल्व्ह. घरात शिरलो तो थेट बाथरूममध्ये. थर्मामीटर धरला, अडतीस. वर फ्लश करायला लावला, तरी अडतीस. काकांनी कोपर बुडवलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या कामात खोट नाही!" मी चढ्या आवाजात म्हणालो.

"मग मी काय खोटं बोलते?" खुर्चीत टॉवेल पांघरून बसलेल्या काकू कडाडल्या. "चांगलं चटचटलं की ह्या हाताला."

आणि मांडीवरचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने उचलून दाखवला. डावा होता, इतके दिवस गरम-गार न कळणारा.

"कुठल्या हाताला?" काकांनी विचारलं.

"दिसत नाही का? ह्याच!"

काका बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह ठीक आहे ना, कदम?"

"ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की, काका." मीही त्यांच्या शेजारी टेकलो.

पुढे काकू काठी घेऊन चालायला लागल्या आणि दोघांनी पुण्याला परतायचं ठरवलं. निरोपाच्या चहाला मी मनातली ती अढी बोलून दाखवली. काका अजिबात वरमले नाहीत. "तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमच्याकडे रांग लागली असती. मग मी फोन केल्यावर तुम्ही आला असता?"

"म्हणजे माझा धंदा तुम्ही मुद्दाम अडवून ठेवलात?"

"ठेवला," ते म्हणाले. "हिच्यासाठी."

मी संतापलो होतो. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

ते पुण्याला गेले त्याच आठवड्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. हीटर बसवायचा होता. "काकांनी नंबर दिला. म्हणाले, माणूस तापट आहे, पण फोन केला की येतो."

नंतर असे फोन येतच राहिले. आजही काम संपलं की मी थर्मामीटर पिशवीत टाकतो, त्या घरातल्यांची नजर चुकवून बाही वर सारतो आणि बादलीत कोपर बुडवतो.