‘म्हणतात’ म्हणणाऱ्या बाई

मी, श्रीधर वामन केळशीकर, वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेतील अधिकारी आणि ‘जुने नाशिक’ फेरीचा चिटणीस. आदरणीय सुमतीबाई वडनेरे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त कृतज्ञतेने हे लिहीत आहे.

बाईंची पहिली भेट फेरीतच झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या रविवारी सकाळी लोकांना जुन्या नाशकातून हिंडवून इतिहास सांगत आणि मिळालेली देणगी अंध मुलींच्या वसतिगृहास देत. त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. मी तसे कोणाला सांगितले नव्हते. तरी प्रत्येक पाराशी बाई थांबत आणि म्हणत, “मला जरा दम लागला हो.” बाईंना दम लागत नाही, हे मला पुष्कळ पुढे कळले.

ऐकीव गोष्ट सांगताना ‘म्हणतात’ हा शब्द त्या कधीही गाळत नसत. या शब्दापायी एकदा मुलींचे छप्पर जाण्याची वेळ आली. पावसाळा तोंडावर आला होता आणि वसतिगृहाचे पत्रे गंजून फाटले होते. भांडी बाजारातील एका शेठजींनी नवे पत्रे देऊ केले होते. ते आपल्या आईंना घेऊन फेरीस आले. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, घाटाच्या पायऱ्यांपाशी बाई म्हणाल्या, “या पायऱ्या शेठजींच्या आजोबांनी बांधल्या, असे म्हणतात.”

शेठजी दुखावले. “बाई, तेवढं ‘म्हणतात’ काढा की! आम्ही काय थापा मारतो?”

“पुरावा द्या, लगेच काढते.”

शेठजी तडक निघाले. मी हळूच विचारले, “बाई, पत्र्यांचं काय?”

“खोटं बोलून मिळवलेल्या छपराखाली मुलींना कशी झोपवू, केळशीकर?”

तोच पायरीवर टेकलेल्या शेठजींच्या आई कडाडल्या, “अरे बाळू, थांब! बांधल्या कुठं? मामंजींनी सांधल्या. पुरात निखळल्या होत्या. मी नवी सून, गवंड्यांच्या भाकरी मीच आणायचे!”

‘बाळू’ ऐकून सारी फेरी हसली. शेवटी शेठजीही हसले. बाईंनी वाकून शेठजींच्या आईंना नमस्कार केला आणि सर्वांना पुन्हा सांगितले, “या पायऱ्या शेठजींच्या आजोबांनी सांधल्या.” पुढे ‘म्हणतात’ नव्हते. शेठजींनी डोळे पुसले. पत्रे पावसाआधी चढले.

बाईंनी आम्हां अनेकांनाही असेच सांधले आहे. हे मी ‘म्हणतात’ न लावता लिहितो. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि प्रत्येक पाराशी त्यांना असाच दम लागत राहो. माझा गुडघा अजून दुखतो.

श्रीधर वामन केळशीकर
नाशिक, अक्षय्य तृतीया, १९८६