काएरु की मोदोरु

लग्न होऊन मी कडेगावला आले तेव्हा नवरा सीमेवर होता. घरात सासू, सासरे आणि मी, चहूकडे ऊस. मोबाइलला रेंज फक्त माडीवर यायची. दुपारी दोघं आडवे झाले की मी तिथं बसून ऑनलाइन जपानी शिकायचे. साताऱ्यात कॉलेजात असताना सुरू केलेलं ते शिक्षण सोडवत नव्हतं.

एकदा शिकवणाऱ्या बाईंनी दोन क्रियापदं दिली, काएरु आणि मोदोरु. मराठीत दोन्हींचा अर्थ परत जाणंच. पण आपल्या हक्काच्या जागी परतायचं तर काएरु, आणि आधी होतो तिथं नुसतं माघारी जायचं तर मोदोरु. प्रत्येकीनं स्वतःबद्दल वाक्य करायचं होतं. मी माहेरी जाण्याला काएरु लावलं आणि कडेगावला येण्याला मोदोरु.

"कडेगाव सासर ना तुमचं?" बाई म्हणाल्या. "म्हणजे घरच की. तिथंही काएरुच हवं."

बाकीच्या मुली हसल्या. मी वाक्य सुधारून म्हटलं. खालून सासूबाईंची चहासाठी हाक आली.

पुढं वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून साताऱ्याला माहेरी गेले. तिथं एमआयडीसीतल्या एका कारखान्याला जपानी दुभाषी हवी होती. मुलाखत दिली आणि निवड झाली. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आबांना विचार." आबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते. त्यांना सांगितलं, तर ते फक्त "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जीप घेऊन दारात हजर.

चहा झाला, डोळ्याची चौकशी झाली. मग म्हणाले, "आवरा बाई. घरी तुमच्या सासूबाई एकट्याच हायत."

मी वडिलांकडे पाहिलं. सैन्यात आयुष्य काढलेला माणूस. जपानीच्या वर्गात मला त्यांनीच घातलं होतं. पट्टीखालच्या डोळ्याला हात लावत ते म्हणाले, "व्याही स्वतः आलेत. त्यांना एकटं कसं पाठवू?" आतल्या खोलीत आई माझी बॅग भरत होती.

कुणी रागावलं असतं तर भांडता आलं असतं.

उंब्रज मागं पडल्यावर मामांनी विचारलं, "जपानीत माघारी जायाला काय म्हणत्यात?"

"दोन शब्द आहेत." मी दोन्हींचा फरक सांगितला.

"मग आता आपण जातोय, त्यो कुठला?"

काएरु म्हटलं असतं तर ते खूश झाले असते.

"मोदोरु," मी म्हणाले.

कराडला गाडी थांबवून ते माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले. "प्या. लय ऊन हाय." मी प्यायले. नोकरीचं त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

कारखान्यानं महिनाभर वाट पाहिली, मग दुसरी मुलगी घेतली. ती माझ्याच वर्गातली. अडलं की मला फोन करते. परवा घाईघाईनं विचारत होती, "मशीन बंद करा म्हणायचंय. तोमेरु की केसु?"

"दिवा, टीव्ही असेल तर केसु. चालतं मशीन थांबवायचं तर तोमेरु."

तिच्यामागं यंत्रांचा मोठा आवाज येत होता. मी सांगितलेलं तिला ऐकू गेलं का, कळलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, तोवर फोन कट झाला होता.